धर्मार्थ, हक्कदार, लाभार्थी : खानदेशातील औषधोपचाराच्या खर्चाचा इतिहास

औषधोपचाराचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ आणि विमा-व्यवसायातील मंडळी करीत असतात. भाषेच्या अभ्यासकाने तीत भाग घेण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एवढेच की, ज्या रोग्याच्या उपचाराचा पैसा दुसरा कोणी देतो त्या रोग्याला समाज कोणत्या नावाने ओळखतो, यावरून त्या देण्याचे स्वरूप पुष्कळसे उघड होते. खानदेशात गेल्या दीडशे वर्षांत असे तीन प्रकारचे रोगी आढळतात : धर्मार्थ दवाखान्याच्या पायरीवर बसलेला रोगी, नोकरीच्या नात्याने उपचाराचा हक्कदार झालेला रोगी, आणि शासकीय योजनेचा लाभार्थी. हे तिघे एकामागून एक आले असे नाही. तिघेही आज एकाच रस्त्यावर, थोड्याथोड्या अंतरावर नांदत आहेत.

तो रस्ता पाहण्यास नशिराबादइतकी सोयीची जागा नाही. जळगावच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर, भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव आहे. आज ते जळगावच्या छायेत असले तरी एके काळी तालुक्याला नाव याच गावाचे होते; १८८० च्या खानदेश गॅझेटियरात जळगाव ज्या तालुक्यात येते त्याचा निर्देश नशिराबाद या नावानेच झालेला आहे. गावाच्या पश्चिमेस जळगावचे सरकारी रुग्णालय आणि अनेक खाजगी इस्पितळे, पूर्वेस वाघूर ओलांडल्यावर भुसावळचे रेल्वे रुग्णालय. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या शेतकऱ्याला व मजुराला रोग झाला असता त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडावा, हे दीर्घकाळ निश्चित नव्हते. म्हणजे व्यवहारात तो त्याच्याच अंगावर पडत असे.

जुन्या गावगाड्यात ही व्यवस्था होती, असे मोठ्या विश्वासाने सांगणारे लोक भेटतात. वस्तुस्थिती तशी दिसत नाही. बारा बलुतेदारांच्या ज्या याद्या आपल्याला ठाऊक आहेत त्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट ही मंडळी आहेत. वैद्य सहसा नाही. न्हावी रक्त काढी, गळू फोडी, तेवढ्यापुरता शस्त्रवैद्य बलुत्यात सामावलेला होता. वैद्यास राजाने किंवा सरदाराने इनाम दिल्याचे दाखले पेशवेकालीन कागदपत्रांत मिळतात. परंतु ते आश्रयदात्याचे देणे होय, गावाचे नव्हे. खळ्यावर धान्य मोजताना ज्याचा वाटा बाजूला काढून ठेवीत, त्या सुताराच्या किंवा लोहाराच्या वाट्याला ‘हक्क’ म्हणत. हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि वतनी कागदांत इतका रुळला की, ‘हक्कदार’ म्हणजे ज्याला मागावे लागत नाही असा मनुष्य, असाच त्याचा अर्थ समजावा. नांगर मोडला तर गावाची तरतूद होती. नांगरणारा मोडला तर नव्हती, असे थोडक्यात म्हणता येईल.

इंग्रजी अमलात सार्वजनिक पैशाचा प्रवेश झाला तो जमिनीच्या वाटेने. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीन-महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक पट्टी बसविण्यात आली. तिचा मुख्य विनियोग रस्ते आणि शाळा यांवर व्हावयाचा होता. १८८४ च्या कायद्यान्वये स्थानिक बोर्डे स्थापन झाल्यावर दवाखान्यांचा भार हळूहळू या बोर्डांवर आणि नगरपालिकांवर आला. त्यास धनिकांच्या देणग्यांची जोड मिळे. अशा संस्थांना ‘धर्मार्थ दवाखाना’ हे नाव पडले. ‘दवाखाना’ हा शब्द फारसी, ‘धर्मार्थ’ हा संस्कृत. आणि दोन्ही शब्दांनी मिळून एक गोष्ट झाकून टाकली, ती ही की, या दवाखान्याच्या पैशातील काही भाग त्याच शेतकऱ्याने पट्टीच्या रूपाने आधीच भरलेला होता. स्वतः भरलेल्या पैशाचे औषध तो ‘धर्माचे’ म्हणून घेत होता. शब्दामुळे माणसाची पायरी कशी बदलते याचे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

याच सुमारास भुसावळात अगदी निराळे घडत होते. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशात आली आणि भुसावळ हे तिचे मोठे ठाणे बनले. रेल्वेला माणूस कामावर उभा पाहिजे होता, म्हणून रेल्वेने त्याच्या औषधाची जबाबदारी घेतली. यात परोपकाराचा भाग किती व हिशेबाचा किती, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे ते असे की, भुसावळच्या रेल्वे कामगारास दवाखान्यात आपली मिळकत किती, जात कोणती, रोग योजनेच्या यादीत आहे की नाही, हे सांगावे लागत नाही. तो रेल्वेचा आहे एवढे पुरे होते. डॉक्टर रेल्वेचे, औषध रेल्वेचे, आणि बाहेरगावी पाठविण्याची वेळ आली तर गाडीही रेल्वेची. पुढे भुसावळ व वरणगाव येथील आयुध-निर्माणींतही कामगारांसाठी अशीच व्यवस्था झाली. खानदेशातील हा खरा ‘हक्कदार’ रोगी.

आज जगात ज्या पद्धतीला ‘सिंगल पेयर’ म्हणतात, तिचे बीज हेच आहे : रोगी अनेक, डॉक्टर अनेक, परंतु पैसा देणारा हात एक. या संज्ञेचे मराठीकरण अद्याप नीट झालेले नाही. ‘एकल दाता’ असे कोणी म्हणतात. परंतु ‘दाता’ म्हटले की दान आले, आणि दान आले की आपण पुन्हा धर्मार्थ दवाखान्याच्या पायरीवर आलो. ‘देणेकरी’ हा शब्द अर्थाच्या दृष्टीने अधिक जवळचा, कारण देणेकरी हा ऋणको असतो, त्याला द्यावेच लागते. पण या शब्दाला कर्जबाजारीपणाचा वास येतो. या लेखापुरता ‘एकहाती भरणा’ हा शब्दप्रयोग केला आहे.

या पद्धतीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण कॅनडातील सस्कॅचवान प्रांताचे आहे, आणि ते खानदेशच्या वाचकास विशेष जवळचे वाटावे. तो प्रांत गव्हाचा, विखुरलेल्या वस्त्यांचा. पीक बुडाले की डॉक्टरला देण्यास कोणाजवळ पैसा नसे व म्हणून डॉक्टरही टिकत नसे. १९१६ सालापासून तेथील ग्रामीण नगरपालिकांना मालमत्तेवर कर बसवून त्यातून डॉक्टरला पगार देण्याची कायदेशीर मुभा मिळाली. या लहानशा सोयीतून १९४७ साली प्रांतभर रुग्णालय-विमा आला, आणि १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या सेवेचाही खर्च सरकारने उचलला. डॉक्टरांनी त्याविरुद्ध तेवीस दिवस संप केला. तडजोड झाली ती अशी की, डॉक्टर खाजगीच राहिले, बिल मात्र सरकारकडे जाऊ लागले. १९६६ च्या कायद्याने ही व्यवस्था देशव्यापी होण्याचा मार्ग खुला झाला, आणि १९८४ च्या कायद्याने रोग्याकडून वरकड रक्कम घेण्यास आळा बसला. खानदेशातील एक आण्याची पट्टी व सस्कॅचवानमधील कर, दोन्ही शेतजमिनीवरचेच होते. तेथे त्या कराने डॉक्टर बांधला, येथे मुख्यतः सडक बांधली. अर्थात एक निर्णय मतदारांनी निवडलेल्या पंचांचा होता व दुसरा परकी सरकारचा, हा भेद विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्याकडेही हा विचार पोचला होता. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्याचे अधिष्ठानच असे होते की, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये. १९४८ च्या जुलैत ब्रिटनने आपली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. त्याच वर्षी आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. परंतु हा कायदा कारखान्यातील कामगारापुरता होता. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे येथील कापडगिरण्यांतला मजूर त्याच्या कक्षेत येण्याजोगा होता. त्या गिरण्यांना कापूस पुरविणारा शेतकरी व तो वेचणारी बाई यांना त्यात जागा नव्हती. हक्कदारांची संख्या वाढली, पण हक्क नोकरीला चिकटलेला राहिला.

पुढची तीन-चार दशके थोडक्यात आटोपण्यासारखी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. त्यांत डॉक्टर कधी असत, कधी नसत. शहरांत खाजगी इस्पितळे वाढली. मोठे दुखणे आले की ‘पेशंट मुंबईला हलवा’ हा वाक्प्रचार खानदेशात रूढ झाला, आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय व के. ई. एम. ही नावे घरोघर ठाऊक झाली. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती अशाच रोग्यांच्या नातेवाइकांनी भरलेली असते. ज्यांना तेथे जागा मिळत नाही ते रस्त्याच्या कडेला राहतात. एक मनुष्य आजारी, दुसरा त्याच्या उशाशी, तिसरा गावी पैशाची जुळवाजुळव करणारा. एवढी माणसे कामावरून उठली म्हणजे बिलात न दिसणारा खर्च किती होतो, हे वेगळे सांगावयास नको.

याच मुंबईत दुसऱ्याही प्रकारचे प्रवासी रोगी येतात : आखातातून, आफ्रिकेतून, बांगलादेशातून. त्यांच्या येण्याला ‘वैद्यकीय पर्यटन’ असे नाव मिळाले. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रोग्यांच्या उपचारातून मिळणाऱ्या परकी चलनाकडे निर्यातीच्या दृष्टीने पाहावे, असा विचार मांडला. त्यापूर्वी १९८८ साली केंद्र सरकारने यंत्रसामग्रीवरील आयात-शुल्कात रुग्णालयांना सूट दिली होती, ती बाह्यरुग्णांपैकी चाळीस टक्क्यांवर मोफत उपचार आणि दहा टक्के खाटा गरिबांना, या अटीवर. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांवर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ अअ अन्वये असेच बंधन आले; निर्धनांसाठी दहा टक्के खाटा मोफत व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीने, आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण बिलांच्या दोन टक्के रकमेचा वेगळा निधी. नियम चांगले आहेत. त्यांची माहिती दारात पोचणाऱ्या रोग्यास असते काय, हा प्रश्न निराळा.

परदेशी रोगी येथे का येतो? त्याच्या देशाच्या मानाने येथील दर स्वस्त पडतो म्हणून. तोच दर कापूस-उत्पादकाला शेत गहाण ठेवावयास लावणारा असतो. दर एकच, स्वस्त की महाग हे कोण पैसे देतो त्यावर ठरते. आणि नशिराबादहून निघालेल्या कर्करोग्याच्या मुंबईवारीला कोणी ‘पर्यटन’ म्हणत नाही, ही आपल्या भाषेची सभ्यता की विसर, ते वाचकांनी ठरवावे.

आता तिसऱ्या रोग्याकडे, म्हणजे लाभार्थ्याकडे वळावयाचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा निवडक विकारांपुरती जीवनदायी योजना राज्याने १९९७ साली काढली होती. तिची जागा घेणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली. कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोकड, विम्याचा हप्ता शासनाकडून, आणि पात्रता पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरून. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे निवडले गेले : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर. या यादीत धुळे आहे. जळगाव नाही, नंदुरबारही नाही. उरलेल्या जिल्ह्यांत योजना पोचली ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी.

म्हणजे सोळा महिन्यांहून अधिक काळ एकाच खानदेशात दोन कायदे होते. पारोळा तालुक्यातील शेतकरी आणि त्याच्या शेजारचा धुळे तालुक्यातील शेतकरी एकच कापूस पिकवितात, एकाच बाजारात जातात; हृदयविकार मात्र एकाला योजनेत व दुसऱ्याला योजनेबाहेर होत होता. या दोघांमधील रेषा कोणी काढली? ती १९०६ साली निघाली. खानदेश जिल्हा फार मोठा, एका कलेक्टरला आवरत नाही, म्हणून त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. अमळनेर, पारोळा पूर्वेस गेले, धुळे पश्चिमेस. महसूल-वसुलीच्या सोयीसाठी काढलेल्या रेषेने एकशेसहा वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा पैसा कोणाला मिळावा ते ठरविले. नंदुरबारची गोष्ट अधिक खेदाची आहे. तो आदिवासीबहुल भाग १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून तो वेगळा केला, आणि वेगळा केल्यामुळेच तो पहिल्या टप्प्यास मुकला. टप्प्याटप्प्याने योजना राबविण्यात कारभाराची सोय असते हे मान्य. रोगाला टप्पे नसतात, एवढेच.

पूर्वेच्या सीमेवरही पुढे हाच प्रकार झाला. योजनेचे नाव २०१७ साली महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले, आणि संकटग्रस्त म्हणून निवडलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तीत घेण्यात आले. मराठवाडा व विदर्भातील हे जिल्हे. त्यांत बुलढाणा होता, जळगाव नव्हता. मलकापूरचा शुभ्र कार्डवाला शेतकरी आत, मुक्ताईनगरचा बाहेर. ही रेषा तर १९०६ हूनही जुनी : अलीकडे कंपनीचे खानदेश, पलीकडे निजामाचे वऱ्हाड, जे १८५३ साली इंग्रजांकडे सोपविले गेले व १९५६ साली मुंबई राज्यात आले. राज्य एक झाले तरी हद्द तशीच राहिली.

‘लाभार्थी’ हा शब्द या ठिकाणी नीट पाहण्याजोगा आहे. विद्या इच्छितो तो विद्यार्थी, शरण इच्छितो तो शरणार्थी, तसा लाभ इच्छितो तो लाभार्थी. शब्दाच्या घडणीतच मागणे आहे. त्यास प्रथम आपण कोण, कोठले, कोणत्या रंगाच्या कार्डाचे, हे सिद्ध करावे लागते. मग रोग यादीत आहे की नाही ते पाहिले जाते. मग मंजुरी येते. रुग्णालयात बसविलेला आरोग्यमित्र हा या वाटेवरचा वाटाड्या. वाटाड्याची गरज पडते याचाच अर्थ वाट सरळ नाही. एकहाती भरणा पद्धतीत स्वस्ताई होते की नाही याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु तिचे मुख्य वैशिष्ट्य स्वस्ताई हे नसून, ‘तू कोण?’ हा प्रश्न दारात विचारला जात नाही, हे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २०११ साली डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने नियोजन आयोगास दिलेल्या अहवालात करांच्या पैशातून सर्वांसाठी विनारोकड सेवा द्यावी व ती विमा कंपन्यांच्या हाती देऊ नये, असेच सुचविले होते. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने विमा कंपनीमार्फत योजना सुरू केली.

या टीकेस उत्तर नाही असे नाही. योजनेमुळे ज्यांच्या हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांच्यापुढे शब्दांची चिकित्सा फारशी शोभत नाही. पूर्वी जी दारे बंद होती ती उघडली, हे खरे आहे. शिवाय एका हाती सर्व पैसा दिला आणि तो हात आखडता राहिला तर काय, ही भीतीही खोटी नाही. योजनेचे दर अपुरे आहेत, देयके वेळेवर मिळत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार जुनीच आहे. आणि कॅनडातही रांगा लांबल्याची ओरड ऐकू येते. तथापि राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१४–१५ साली ६२.६ टक्के होता, तो २०२१–२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. उतरला खरा, पण अद्याप शंभरातले चाळीस रुपये रोगीच देतो, आणि त्यांतला बराच भाग गोळ्या, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचार यांवर जातो, ज्यांना शस्त्रक्रियांच्या यादीत स्थान नसते. मधुमेहाच्या रोजच्या गोळीला कोणी मंजुरी देत नाही.

कार्डाचा प्रश्न बाजूला ठेवता येतो, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखविले आहे. करोनाच्या साथीत २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांचे दर शासनाने बांधून दिले, साध्या खाटेस दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. आणि दोनच दिवसांनी जन आरोग्य योजना कार्डाचा रंग न पाहता सर्व नागरिकांना खुली करण्यात आली. जे शंभर वर्षांत झाले नाही ते एका आठवड्यात झाले. अंमलबजावणीबद्दल तक्रारी होत्या, व साथ ओसरल्यावर ही व्यवस्थाही ओसरली.

त्यानंतरचे दोन निर्णय नोंदवावयाचे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये मात्र या निर्णयात नव्हती. जळगावचे जिल्हा रुग्णालय २०१८ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, म्हणजे नशिराबादच्या रोग्याच्या बाबतीत रेषा या वेळी दोन जिल्ह्यांत नव्हे, दोन खात्यांत निघाली. दुसरा निर्णय २८ जुलै २०२३ चा, अंमल १ जुलै २०२४ पासूनचा : जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांना लागू, मर्यादा पाच लाख, उपचार त्या वेळी १,३५६. शुभ्र कार्डाचा शेतकरी अखेर मुक्ताईनगरातही आत आला.

उरला तो कार्ड किंवा अधिवासाचा दाखला नसलेला मनुष्य. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून मजूर येतात. केंद्राच्या यादीत ज्यांचे नाव आहे त्यांना येथेही उपचार मिळू शकतो. ज्यांचे नाही त्यांच्यासाठी राज्याची योजना नाही, कारण ते दुसऱ्या राज्याचे आहेत. रावेरहून सर्वांत जवळचे परराज्यातील शहर म्हणजे बऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांच्या आणि पुढे मोगल सुभ्याच्या काळात खानदेशची राजधानी तेथे होती.